खरकटे कप आणि रायट अ‍ॅक्ट

मँचेस्टरच्या आमच्या ऑफिसात परवा सिंकमध्ये खरकटे कप साचले म्हणून मॅनेजरबाईंनी सगळ्यांना मेल टाकली. तीन ओळी, शेवटी स्मायली. शेजारचा सहकारी डोळे मोठे करून म्हणतो, 'शी रेड अस द रायट अ‍ॅक्ट!' म्हणजे बाईंनी सज्जड दम भरला. याला दम म्हणायचं? पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांनी नुसतं 'जरा आत या' म्हटलं तरी घाम फुटायचा.

हा रायट अ‍ॅक्ट खरोखरचा कायदा होता, १७१५ पासून लागू. बारा किंवा जास्त माणसं दंग्यासाठी जमली की मॅजिस्ट्रेटने राजाच्या नावाचं ठरावीक फर्मान मोठ्याने वाचायचं. त्यानंतर तासाभरात पांगलं नाही तर थेट फाशी, आणि पांगवताना कुणी मेलं तर शिपायांना माफ. फर्मानाच्या शेवटी 'गॉड सेव्ह द किंग' हवंच. ते चार शब्द वाचायचे राहिले की खटला बारगळायचा. कागद चोख ठेवावा तर यांनी!

ऑफिसजवळच्या सेंट पीटर्स चौकाच्या परिसरात तेव्हा मोकळं मैदान होतं. १६ ऑगस्ट १८१९ ला साठेक हजार लोक तिथे मताधिकार मागायला जमले. फर्मान वाचलं असं मॅजिस्ट्रेट म्हणाले, पण एवढ्या गर्दीत ते ऐकू कुणाला जाणार? घोडेस्वार तलवारी उपसून घुसले. अठराच्या आसपास माणसं गेली, शेकडो जखमी झाली. हेच ते पीटरलूचं हत्याकांड. २०१९ मध्ये तिथे गोल पायऱ्यांचं स्मारक झालं, पायऱ्यांवर मृतांची नावं कोरलेली. वर जायला रॅम्प नाही म्हणून अपंगांनी आवाज उठवला, तो मला रास्त वाटतो.

मला मात्र तिथे दुसरीच तारीख आठवते. १३ एप्रिल १९१९, जवळपास शंभर वर्षांनी. जालियनवाला बागेत डायरने गोळीबाराआधी पांगा असंही सांगितलं नाही, आणि चौकशीच्या हंटर समितीपुढे ते लपवलंही नाही. सकाळी शहरात दवंडी पिटली होती, आपल्या माणसांना तेवढी पुरे! इंग्रजांच्या घरच्यांना निदान तासाभराची मुदत, तीही कायद्याने.

हे सगळं सहकाऱ्याला ऐकवलं. बिचारा गप्प झाला. इथला कायदा १९७३ मध्ये पुस्तकातूनही गेला, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे जमावबंदी अजून लागते, १४४ कलमाचं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं इतकंच. तो विषय मी काढला नाही. त्याने विचारलंही नव्हतं.