आपली थॉमसन हिरवी का?

रविवारी हायडेलबर्गला सकाळचे नऊ वाजले की आमच्या दिंडोरीच्या मळ्यात साडेबारा झालेले असतात. नाना जेवायला घरी येतात, तेव्हा आमचं बोलणं होतं. सध्या द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू आहे. परवा नानांनी मध्येच विचारलं, "तू कॅन्सरचं करती म्हणती, पण दवाखान्यात तर नसती. मग करती काय?"

मी बागेतूनच सुरुवात केली. द्राक्षाचा मूळ रंग काळा. कधीतरी वेलीच्या डीएनएतला एक उडता, म्हणजे जागा बदलणारा, तुकडा रंगाच्या जीनच्या तोंडाशी येऊन बसला आणि रंग बंद पडला. जपानी शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये हे दाखवलं, तुकड्याचं नाव ग्रेट-1. आपल्या थॉमसन या हिरव्या वाणातही तो आहे. कधी त्याचा बराचसा भाग निघून जातो आणि रंग परत येतो. इटालिया वाणापासून लालसर रुबी ओकुयामा निघालं ते असंच.

नाना थांबले. "मागं एका काडीला लालसर घड आला होता. मी छाटून टाकली."

माणसातही असे तुकडे आहेत. लाइन-1 या एकाच जातीने आपला 17 टक्के डीएनए व्यापलाय. प्रती पाच लाखांच्या घरात, पण उडू शकतील अशा जेमतेम शंभर. 1992 मध्ये आतड्याच्या एका गाठीत लाइन-1 थेट एपीसी जीनमध्ये घुसलेला सापडला. एपीसी म्हणजे गाठ होऊ न देणारा जीन.

"मग राखण कोण करतं?"

हाच माझा विषय. बीजपेशींत, म्हणजे पुढची पिढी घडवणाऱ्या पेशींत, पिवी-आरएनए नावाचे छोटे रेणू राखण करतात, लांबी 24 ते 31 अक्षरं, म्हणजे साखळीतल्या कड्या. गाठींत ते खरंच काम करतात का, यावर आमच्यात वाद आहे. माझा जीव लेट-7 वर आहे: बावीसेक अक्षरांचा आरएनए, पहिल्यांदा एका सूक्ष्म कृमीत सापडलेला. तो लाइन-1 च्या संदेशावर बसतो आणि डीएनए कापून नवी प्रत चिकटवणारं प्रथिन कमी बनू देतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा लेट-7 च घटलेला असतो, शिवाय असे तुकडे गप्प ठेवणारे डीएनएवरचे मिथाइलचे रासायनिक शिक्केही पुसट झालेले. पेशींत लेट-7 वाढवला की उड्या कमी होतात. रोज मी त्या उड्याच मोजते. त्यातून औषध निघायला वेळ आहे, तेही नानांना सांगितलं.

ते म्हणाले, "औंदा लाल घड दिसला तर काडीला दोरा बांधून ठेवतो. फेब्रुवारीत ये."