पाच फुटांवर मुरूम लागलाच नाही

स्वतःच्या नावावर घेतलेला पहिला ठेका. इंदूरच्या बायपासकडचं घर, 14 फुटिंग (कॉलमखालचे पाये), मटेरियलसकट चौरस फुटाचा दर, आणि करारात एक ओळ: पाया पाच फूट. चौथ्या खड्ड्यात पाच फूट उतरलो तरी फावड्याला काळी मातीच चिकटत होती. साडेसात फुटांवर न फुगणारा मुरूम दिसला, आठ फुटांवर तो पहारीला दाद देईना.

माळव्याची ही माती किती फुगते ते घरीही मोजता येतं. वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची आणि 100 मिलीच्या दोन नळ्यांत 10-10 ग्रॅम टाकायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. 24 तासांनी रॉकेलमध्ये 11 मिली भरली, पाण्यात 19. म्हणजे 73 टक्के फुगवटा. या मातीवर उभा केलेला कॉलम उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यात वर जाणार.

नकाशावर मातीची वहनक्षमता, म्हणजे ती किती भार पेलते तो आकडा, छापलेली होती, शेजारी ‘गृहीत’ असा शब्द. प्लॉटवर एक खड्डाही न खणता आकडा गृहीत धरणाऱ्या इंजिनिअरांची मला चीड येते. सही त्यांची, आणि तडा गेला की लोक ठेकेदाराला धरतात.

तीन फूट वाढीव म्हणजे किती? खड्डा 5 बाय 5, म्हणजे 14 खड्ड्यांची 1,050 घनफूट जादा खोदाई. 42 फूट जादा कॉलम, 9 बाय 12 इंचाचा, म्हणजे 31.5 घनफूट काँक्रीट. 12 मिमीच्या सहा सळया धरल्या तर 68 किलो लोखंड, रिंगा वेगळ्या. हे सगळं परवडलं असतं. खरा खर्च भरावाचा. निघालेली काळी माती परत टाकायची नाही, मुरूमच हवा, 2,300 घनफुटांच्या वर, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून ठोकलेला. प्लिंथ बीमखाली, म्हणजे जोत्याच्या आडव्या बीमखाली, तीन इंच मोकळं ठेवायचं, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते.

मालक काकांना खड्ड्याशी नेलं. ते म्हणाले, “अहो, पाच फुटांचं बोलणं झालं होतं ना? वर-खाली झालं तर तुमचं.” कागदावर ते बरोबरच होते. ठेकेदार व्हायला पॅन लागतं, सेवेची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी, सरकारी काम हवं तर पीडब्ल्यूडीची नोंदणी. यातल्या एकाही फॉर्मवर कुणी विचारत नाही की दर देण्याआधी जमीन उकरून पाहिलीत का. शंभर रुपयांची खोदाई वाचवायला मीही ती पाहिली नव्हती.

शेवटी असं ठरलं: काँक्रीट-लोखंड काकांचं, खोदाई-भराव माझा. कॉलम आता मुरमावर आहेत. पण फरशीखालीही दोन-तीन फूट काळी माती आहे, ती काढून मुरूम भरायला काका तयार नाहीत. कॉलम जागचा हलणार नाही आणि हॉलची फरशी मधोमध वर येईल. भिंतीलगत तीन फुटांचा पक्का पट्टा करून पाणी दूर काढतो आहे, तेवढ्यानं फुगवटा कमी होईल, थांबणार नाही. फरशी एक पावसाळा जाऊ देऊन बसवा, असं दोनदा सांगितलं. काकांना गणपती नव्या घरात बसवायचा आहे. फरशीवाला सोमवारी येतोय, आणि त्याला हो म्हणावं की काम थांबवावं, हे अजून ठरत नाही.