तुझं अंडं मी खाऊ का?

इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये शिरलं की जमीन सपाट होत जाते. कोबी, बटाटा, आणि वर नुसतं आभाळ. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांचे तळ इथे इतके दाट होते की या भागाला अजूनही ‘बॉम्बर काउंटी’ म्हणतात. नॉटिंगहॅमहून ईस्ट कर्कबीला, अशाच एका जुन्या तळावरच्या विमान संग्रहालयात, आम्ही निघालो ते लेकाच्या हट्टापायी. मला विमानांतलं ओ की ठो कळत नाही.

पोचलो तोवर पोटात कावळे ओरडत होते, म्हणून आधी कॅन्टीन. टोस्ट, बेकन, अंडी. मी जरा हात आखडता घेतला तसं चिरंजीव म्हणाले, “आई, तुझं अंडं मी खाऊ का?” आणि उचललंसुद्धा.

मग हँगर. आत ‘जस्ट जेन’ नावाचं लँकेस्टर, म्हणजे त्या युद्धातलं ब्रिटिश बॉम्बर विमान, काळंकभिन्न. बाहेरून अवाढव्य, आत मात्र एस.टी.च्या निम्मीही जागा नाही, आणि माणसं सात. पंखांना जोडणारी जाडजूड तुळई मध्ये आडवी येते, ती ओलांडूनच पुढे जायचं. माझा गुडघा सडकून आपटला. अंधारात, जाड बूट घालून, विमान पेटलेलं असताना ही पोरं कशी ओलांडत असतील?

शेपटीतला गनर सर्वांत एकटा. तोंड मागे करून आठ-आठ तास बसायचं. त्या खुराड्यात पॅराशूट मावत नसे. ते दाराबाहेर अडकवलेलं. उडी मारायची तर आधी दार उघडून ते घ्यायचं. समोरच्या काचेतून नीट दिसत नाही म्हणून कित्येकजण ती काढूनच टाकत आणि गोठवणारा वारा तोंडावर घेत. मी डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं, तेव्हा रेशनवर माणशी आठवड्याला एक अंडं, तेही मिळालं तर. मोहिमेवर जाणाऱ्यांना मात्र बेकनबरोबर खरंखुरं अंडं मिळे. त्यावरून त्यांचा ठरलेला विनोद होता, “तू परत आला नाहीस, तर तुझं अंडं मी खाऊ का?”

मी लेकाकडे पाहिलं. तो प्रोपेलरची पाती मोजत होता.

ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बर विमानांच्या विभागात, सुमारे 1,25,000 जण उडाले, त्यातले 55,573 मेले. बहुतेक विशीतले. ख्रिस्तोफर पँटन तर 19 वर्षांचा. 30 मार्च 1944च्या रात्री न्यूरेंबर्गवर गेलेल्या विमानांपैकी 95 परतली नाहीत, त्यात त्याचं हॅलिफॅक्स बॉम्बर होतं. तो इथून उडाला नव्हता. त्याचा तळ यॉर्कशायरमध्ये, कबर जर्मनीत. पण त्याच्या भावांनी, फ्रेड आणि हॅरल्ड यांनी, हा जुना तळ कोंबड्या पाळायला घेतला, 1983 साली हे लँकेस्टर विकत घेतलं आणि भावाच्या आठवणीसाठी संग्रहालय उभं केलं. ज्या धावपट्टीवरून बॉम्ब गेले तिथे अंडी! मला हे फारच आवडलं.

सगळंच आवडलं असं नाही. हेच बॉम्ब हॅम्बुर्ग, ड्रेस्डेनच्या घरांवर पडले, आणि तिथेही कोणाची तरी एकोणीस वर्षांची पोरं होतीच. चहा घेताना आजोबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “हो, होती,” आणि साखर ढवळत राहिले.

दुपारी चारही इंजिनं सुरू झाली. आवाज कानात नाही, बरगड्यांत येतो. हे विमान उडत नाही. गवतावरून रांगत जातं, वळतं आणि परत येतं. लेक खट्टू झाला, “बस, एवढंच?” मला मात्र ते परत वळलेलं बघून बरं वाटलं.