उशिराचा युरिया आणि चॉकलेटी रक्त

फोनवर मालक एवढंच म्हणाले, "साहेब, किराळ लागलंय. दोन गाया पडल्यात." सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पुरंदरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात पावसाने जवळजवळ महिनाभर दडी मारली होती आणि परतीचा पाऊस नुकताच बरसून गेला होता. कडवळ कापलेल्या रानात अशा वेळी ज्वारीला कोवळे फुटवे येतात आणि ते खाऊन जनावरं पटापट पडतात, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांच्या बांधाला लागून शेजाऱ्याचं कडवळ होतंच. संशय रास्त होता.

पण किराळाचं औषध शिरेत सोडण्याआधी रक्त बघावं लागतं. किराळात, म्हणजे हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेत, रक्त लालभडक असतं; ऑक्सिजन रक्तात भरपूर असतो, पेशींना तो वापरता येत नाही. इथे आडव्या पडलेल्या गाईच्या मानेच्या शिरेत सुई घातली तर आलं ते चॉकलेटी रक्त. हिरड्या आणि निरणाची (योनीमुखाची) आतली बाजू राखाडी-निळसर. धाप, अंगभर थरथर, नाडी जलद आणि बारीक. रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून हवेत ठेवला, औषध भरून होईपर्यंत तो तपकिरीच राहिला. नुसता ऑक्सिजन कमी पडल्याने काळवंडलेलं रक्त हवा लागली की लाल होतं. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, झालेलं होत नाही. म्हणजे हे किराळ नव्हतं, चाऱ्यातल्या नायट्रेटची बाधा होती.

हा रंग न बघता उपचार केला तर काय होतं, तेही सांगतो. किराळावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. त्यातलं नायट्राइट मुद्दाम थोडं मेथहिमोग्लोबिन तयार करतं, कारण ते सायनाइडला धरून ठेवतं. नायट्रेटची बाधा झालेल्या गाईच्या रक्तात आधीच मेथहिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. तिला नायट्राइट टोचणं म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन काढून घेणं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना ही दोन विषं उभी असतात, लक्षणं दुरून सारखीच दिसतात, आणि एकाचा उतारा दुसऱ्यात मारक ठरतो.

बाकीच्या शक्यताही झटपट बाजूला कराव्या लागतात. पोतं फोडून युरिया थेट खाल्ला असता तर पोटफुगी, भरपूर लाळ आणि तोंडाला, पोटातल्या चाऱ्याला अमोनियाचा झणझणीत वास आला असता. कीटकनाशक असतं तर लाळ गळून डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असत्या. दुसरी गाय मी पोचेपर्यंत मेली होती. तिच्या नाका-गुदातून रक्त आलेलं नाही ना, हे पाहिल्याशिवाय तिला हात लावला नाही. फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय असेल तर जनावर उघडायचंच नसतं.

उतारा मिथिलीन ब्लू. १ टक्का निर्जंतुक द्रावण, शिरेतून, सावकाश. पुस्तकांत किलोला ४ मिलिग्रॅमपासून २० च्या पुढेपर्यंत मात्रा दिलेली असते. मी ८ ने सुरुवात करतो. छातीच्या घेराच्या फितीवर गाय ३५० किलोची भरली, म्हणजे २,८०० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं २८० मिली. उतार पडला नाही तर २०-३० मिनिटांनी पुन्हा देता येतं. या गाईच्या हिरड्या पाऊण बाटली जाईपर्यंत उजळायला लागल्या आणि थोड्या वेळाने ती छातीवर बसली. त्यानंतर नळीने पोटात गार पाणी, म्हणजे तिथलं नायट्राइट तयार होणं मंदावतं. लघवी निळी-हिरवी होते, मालकाला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर रात्री पुन्हा फोन येतो. या गाईचं दूध संकलनाला घालायचं नाही, हेही त्याच वेळी सांगायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकीच्या गाई काठी घेऊन हाकलायच्या नाहीत. उभ्या असलेल्यांपैकी काहींच्या रक्तातलं ३० टक्के हिमोग्लोबिनसुद्धा निकामी झालेलं असू शकतं. शांत उभ्या राहिल्या तर निभावतात, पळवलं तर कोसळतात. आम्ही घमेल्यात भरडा दाखवून त्यांना एकेक करून सावलीत आणलं आणि गव्हाणीत कोरडा कडबा टाकला. कडब्याने आणि भरड्याने दोन कामं होतात: विषारी गवत पोटात पातळ होतं, आणि धान्यातल्या ऊर्जेवर पोटातले जिवाणू नायट्राइट पुढे अमोनियात बदलू शकतात.

मग रान बघितलं. मुक्त गोठ्याच्या खालच्या अंगाला २० गुंठ्यांचा कुंपण घातलेला तुकडा, वरच्या भागात मारवेल, खाली ओलीला पॅरा गवत. गोठा धुतल्याचं पाणी पाटाने त्यातच सोडलेलं. महिनाभर गवत करपलेलं होतं. पाऊस येणार म्हणताना मालकांनी ४५ किलोचं युरियाचं अख्खं पोतं त्यात फेकलं. "एकराला एक पोतं" असा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि रान होतं अर्धा एकर. पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो, अर्ध्या एकरात गेल्यावर हेक्टरी १०० किलोच्या वर झालं. शेणपाणी आणि मूत धरलेलंच नाही. शिवाय फेकलं बांधावरून, हाताने, त्यामुळे झाप्याजवळच्या (फाटकाजवळच्या) पट्ट्यात दाट आणि पलीकडे विरळ. झाप्याजवळचं गवत काळंभोर हिरवं होतं, तेच गाईंनी बुडापर्यंत खाल्लेलं.

युरिया पडल्यापासून सहावा दिवस. त्यातले चार ढगाळ. आदल्या संध्याकाळी वैरण संपलेली, म्हणून सकाळी गाई उपाशीपोटीच आत सोडल्या. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर अपघात होणार नाही तर काय?

युरिया जमिनीत आधी अमोनिअम आणि मग नायट्रेट होतो. उष्ण, ओल्या जमिनीत हे काम थोड्या दिवसांत होतं. कडुनिंबाच्या लेपाने ते लांबतं, थांबत नाही. ताणानंतर पाणी मिळालं की मुळं नायट्रेट अधाशासारखं उचलतात, पण पानात त्याचं प्रथिन व्हायला ऊन लागतं. ढग असले, दिवस लहान होत चालले, की उचल चालू आणि रूपांतर ठप्प. मग नायट्रेट खोडात, विशेषतः खालच्या तिसऱ्या हिश्शात, साठून राहतं. गाईच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि नायट्राइटचा अमोनिया. पहिली पायरी जलद, दुसरी संथ. हळूहळू सवय झालेली गाय बरंच पचवते, पण उपाशी गाय अर्ध्या तासात पोट भरते आणि मधलं नायट्राइट रक्तात सुटतं. अर्ध्या ते चार तासांत लक्षणं दिसतात. मेथहिमोग्लोबिन ८० टक्क्यांजवळ गेलं की खेळ संपला.

गवत तपासायची चाचणी बांधावर होते. ०.५ ग्रॅम डायफेनिलअमाइन, २० मिली पाणी, आणि तीव्र गंधकाम्ल थेंबाथेंबाने घालत एकूण १०० मिली. हे प्रयोगशाळेतूनच करून आणावं; आम्लात पाणी ओतायचा आगाऊपणा शेतावर करू नये. गवताचं खोड उभं चिरून आतल्या बाजूवर एक थेंब टाकायचा; नायट्रेट असेल तर निळा रंग येतो. झाप्याजवळच्या पॅराच्या बुडख्यावर थेंब पडताक्षणी गडद निळा झाला. त्याच काडीच्या शेंड्याला फिकट छटा आली. मारवेलात बुडाला मध्यम. बाभळीखाली गाई बसतात तिथे काटेमाठ माजलेला होता, तो तर ताबडतोब निळा. माठ आणि चाकवत नायट्रेट साठवण्यात गवताच्या पुढे असतात, पण जनावरं दगावल्यावर दोष सगळा गवतावर येतो. ही चाचणी नायट्रेट आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते नाही. त्यासाठी बुडापासूनच्या काड्या प्रयोगशाळेत पाठवाव्या लागतात. मेलेल्या गाईच्या डोळ्यातलं पाणीही सिरिंजने काढून पाठवावं. रक्त काही तासांत निकामी होतं, डोळ्यातलं नायट्रेट टिकतं.

अहवाल आला की आकड्याखाली काय लिहिलंय ते बघायचं. कोणी नायट्रेट लिहितं, कोणी नायट्रेट-नायट्रोजन. कोरड्या वजनावर ३,००० पीपीएम (दहा लाख भागांत ३,००० भाग) नायट्रेट असेल तर चारा बऱ्यापैकी सुरक्षित आहे. तेच ३,००० नायट्रेट-नायट्रोजन असेल तर ४.४३ ने गुणून १३,३०० होतात, म्हणजे १.३ टक्के, आणि तो चारा एकटा घालायचा नाही. अर्ध्या टक्क्यापर्यंत काळजी कमी, त्यापुढे गाभण गाईंना जपायचं, एक टक्क्यावर धोका.

मालकांचा प्रश्न सरळ होता: "मग परतीच्या पावसावर युरिया टाकायचाच नाही का?" मी तरी सप्टेंबरच्या मध्यानंतर नुसत्या पावसाच्या भरवशावर चराईच्या गवताला टाकू देत नाही. मारवेल, पवना, शेडा यांना तोवर तुरे आलेले असतात. तुरा आलेलं गवत नत्र घेतं पण पाला वाढवत नाही. खरा परतावा जुलैत, वाफशावर, गवत वीतभर असताना मिळतो. उशिरा टाकलेलं आणि न वापरलेलं नत्र मातीत नायट्रेट होऊन पडून राहतं आणि पुढच्या मोठ्या पावसात झिरपून विहिरीकडे जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्या तुकड्याच्या खाली ४० पावलांवर त्यांची विहीर होती आणि घरचं पाणी तिचंच.

हाताशी पाणी असेल आणि गवत अजून पाल्यावर असेल, तर एकराला अर्धं पोतं, म्हणजे गुंठ्याला साधारण ५६० ग्रॅम. चाळलेल्या शेणखतात मिसळून दोन वाटे करावेत. एक उभा चालत फेकावा, दुसरा आडवा. दवाने ओल्या पानांवर टाकू नये, दाणे चिकटतात, पानं करपतात आणि अमोनिया उडून जातो. लगेच पाणी द्यावं. जिथे गोठ्याचं पाणी जातं आणि जिथे गाई बसतात, तो भाग पूर्ण वगळावा. त्यानंतर किमान तीन आठवडे झापा बंद. मधे ताण पडून पाऊस आला तर दिवस पुन्हा मोजायला लागायचे, आणि चार-पाच दिवस लख्ख ऊन पडल्याशिवाय उघडायचं नाही. सोडताना आधी कडबा, मग दुपारनंतर तासभर चराई. सकाळी नायट्रेट जास्त असतं. गाई कमी सोडाव्यात, म्हणजे शेंडे खातात, बुडख्याला तोंड लावत नाहीत.

उभ्या गवताचं काय करायचं हा मुद्दा राहिला. वाळवून उपयोग नाही, नायट्रेट वाळल्याने जात नाही, मालकांना हे पटायला वेळ लागला. मुरघासात ते बरंच कमी होतं. म्हणून जमिनीपासून वीतभर बुडखे सोडून वरचा पाला कापला, कुट्टी करून मुरघासाच्या पिशव्या भरल्या, आणि महिन्याने तपासूनच उघडायच्या असं ठरलं. भरल्यानंतरचे पहिले काही दिवस पिशवीजवळ तपकिरी धूर दिसला तर तिथे थांबायचं नाही. तो नायट्रोजनचा विषारी वायू असतो, फुप्फुसं जाळतो.

पंचनामा आणि विम्याच्या बिल्ल्याचे फोटो शवविच्छेदनाआधी झाले. नंतर मी गाभण गाईंची यादी मागितली. तीन होत्या. वरवर काहीच न झालेली गायसुद्धा आठवड्या-दोन आठवड्यांत गाभडू शकते, कारण आईच्या रक्तातला ऑक्सिजन कमी पडला की आधी वासरू गुदमरतं. नवव्या दिवशी त्यांतली सात महिन्यांची एक गाभडली. हातमोजे घालून वार आणि गर्भ उचलला, नमुने ब्रुसेला या गाभडवणाऱ्या जिवाणूच्या तपासणीसाठीही पाठवले, कारण गाभडण्याची कारणं एका वेळी दोन असू शकतात.