पिल्लांच्या वजनाची वही

नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात आणि थंडी वाजली तरी कुडकुडून अंगात ऊब आणण्याची शक्ती पहिले सुमारे दोन आठवडे त्याच्यात नसते. दुखले-खुपले सांगण्याची त्याची साधनेही मोजकीच. सुरुवातीला ते ओरडत राहते आणि प्रकृती खरोखर खालावली की गप्प पडते. नवखा माणूस नेमके त्याच पिल्लाला शांत झोपलेले समजतो. सोलापुरात कारवान जातीची कुत्री सांभाळताना मी सर्वांत जास्त भरवसा ठेवते तो एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आणि त्याच्याशेजारी ठेवलेल्या आखीव वहीवर.

ही वही पिल्लांच्या जन्माआधीच सुरू होते. मादी माजावर आल्याची तारीख, नर कोणाचा, जोडी कोणत्या दिवशी लागली, हे सगळे तिच्या पानावर लिहिलेले असते. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा धरतात, पण जोडी लागल्याच्या दिवसापासून मोजले तर त्यात काही दिवसांचा फरक पडतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात मी मादीचे तापमान सकाळ-संध्याकाळ घेऊन लिहिते. एरवी ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असणारे तापमान ३७.२ च्या खाली उतरले, की बहुधा चोवीस तासांच्या आत ती विते. हा आकडा हाती असला की डॉक्टरांना आधी कळवून ठेवता येते आणि रात्री-अपरात्री धावाधाव करावी लागत नाही.

विण्याच्या वेळी प्रत्येक पिल्लामागे एक ओळ भरली जाते: वेळ, नर की मादी, वजन, अंगावरची खूण आणि वार (गर्भाला पोसणारा, पिल्लामागून बाहेर पडणारा भाग) पडली की नाही. वार मोजणे फार महत्त्वाचे असते, कारण पोटात राहिलेली वार पुढे मादीला ताप आणू शकते. शिवाय मादी त्या पटापट खाऊन टाकते, त्यामुळे नंतर आठवून लिहू म्हटले तर हिशेब लागत नाही. वजन करतानाच पिल्लाचे तोंड हलकेच उघडून टाळू फाटलेला नाही ना हे पाहायचे, नाळेच्या टोकाला टिंक्चर आयोडीन लावायचे आणि पिल्लू लगेच आईच्या सडाला लावायचे. चिकातून मिळणारी रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या आतड्यातून रक्तात शिरते ती मुख्यतः पहिल्या बारा तासांत, आणि एक दिवस उलटला की ती वाट जवळपास बंद होते, म्हणून कोणते पिल्लू प्रथम केव्हा प्यायले हेही त्याच ओळीत येते.

कारवानाची पिल्ले पुष्कळदा एकाच बदामी रंगाची निघतात आणि एकमेकांत मिसळली की ओळखू येत नाहीत. यावर सोलापूरकराला उपाय शोधत लांब जावे लागत नाही, कारण यंत्रमागावरच्या रंगीत सुताचे तुकडे इथे सहज मिळतात. मऊ सूत दुहेरी करून, खाली बोट सहज शिरेल इतके सैल ठेवून गळ्यात बांधते आणि मान भराभर वाढत असल्यामुळे ते दर एक-दोन दिवसांनी बदलते. मग वहीत पिल्लांना लाल, हिरवा, पिवळी, निळी अशी नावे मिळतात आणि ती घरी जाईपर्यंत टिकतात.

पहिल्या आठवड्यात वजन दोनदा होते, सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी आणि शक्यतो दूध पिण्याआधी. काट्यावर खोलगट भांडे, भांड्यात दुमडलेले सुती फडके, काटा शून्यावर आणलेला. माझ्या सासूबाई आकडा वाचतात आणि मी लिहिते. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवशी वजन थोडे घटू शकते, पण ही घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली तर डॉक्टरांना दाखवावे. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ आणि आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट, ही निरोगी पिल्लाची चाल मानली जाते. एका वेतातल्या हिरव्याची ओळ मला अजून आठवते: जन्मवजन ३६२ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३८४, तिसऱ्या दिवशी ४१८, चौथ्या दिवशी सकाळी ४२१ आणि संध्याकाळी ४२०. पिल्लू अंगाने गरम होते, हिरड्या गुलाबी आणि ओल्या होत्या, आणि ते मन लावून चोखत होते. नुसत्या नजरेने पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसले नसते. आकडे मात्र थांबले होते, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवून बसले, तेव्हा दिसले की थोराड भावंडे त्याला दर वेळी पुढच्या सडांकडे ढकलतात, जिथे दूध बहुधा कमी असते. त्यानंतर दर पाजणीला त्याला आधी मागच्या भरलेल्या सडाला लावून हाताचा आडोसा धरू लागलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काट्याने ४५१ दाखवले. औषध नाही, वरचे दूध नाही. काय बिघडले आहे ते वेळेत कळले, एवढ्यावर ते पिल्लू सावरले.

वरचे दूध खरोखर द्यावे लागले तर गाईचे किंवा म्हशीचे दूध नुसते पाजू नये, असे मी कळकळीने सांगते. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतो, तेव्हा पिल्लांसाठी बनवलेली दुधाची पावडरच वापरावी. आणि थंड पडलेल्या पिल्लाला तर काहीच पाजू नये. अंगाचे तापमान ३४ अंशांच्या आसपास घसरले की आतडी काम करेनाशी होतात आणि पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते किंवा श्वासनलिकेत जाते. आधी हळूहळू ऊब द्यावी, मग दूध.

तापमानाचा रकाना सोलापुरात दुहेरी कामाचा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पेटीत २९ ते ३२ अंश असावेत, हा नियम थंड मुलखातल्यांना दिव्याची आठवण करून देतो. इथे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश होतात तेव्हा पेटी त्या मर्यादेत खाली आणणे हेच खरे काम असते. उकाड्याने धापा टाकणारी आई उठून थंड फरशीवर जाऊन पडते आणि पिल्ले उपाशी राहतात, त्यामुळे उन्हाळ्यातला त्रास आधी आईत दिसतो आणि मग पिल्लांच्या वजनात. कूलर लावते, पण त्याचा झोत भिंतीकडे वळवून, आणि थर्मामीटर पिल्लांच्या उंचीवर टांगून, कारण माणसाच्या उंचीवरचा आकडा त्यांच्या कामाचा नाही. पिल्ले एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना गारठा लागतो आहे आणि अंतर ठेवून हातपाय पसरून ओरडू लागली तर उकडते आहे, हे पाहूनही लिहिता येते. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून कूलरचे आणि धुण्याचे पाणी वेगळ्या पिंपात राखून ठेवावे लागते. जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, उलट रात्री उबेसाठी दिवा लागतो. शोभेच्या दारूचा आवाज कान बंद असलेल्या पिल्लांना त्रास देत नाही, पण आई बिचकून उठते आणि तिच्याखाली पिल्लू दबू शकते, म्हणून त्या रात्री कोणीतरी पेटीशेजारी झोपते.

अंथरुणाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. आपल्या सोलापूरचा टेरी टॉवेल कितीही मऊ असला तरी त्याच्या फासांत पिल्लांच्या बारीक नख्या अडकतात आणि ती रांगताना हिसका बसतो. धुऊन धुऊन विरलेली जुनी चादर घट्ट ताणून अंथरणे बरे. नख्याही आठवड्यातून एकदा टोकाला कापते, नाहीतर आईचे सड ओरबाडले जाऊन सूज येते.

आईचे पान रोज भरते: भूक, ताप, सडांची गाठ किंवा लाली, स्राव. दूध जोरात सुरू असताना तिचा आहार दुप्पट-तिप्पट होतो. रश्शात भिजवलेली ज्वारीची भाकरी, मटण आणि अंडी ती आनंदाने खाते. थरथर, ताठरलेली चाल आणि थांबत नाही अशी धाप दिसली तर रक्तातले कॅल्शियम घसरल्याची शंका घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. गाभण असतानाच कॅल्शियमच्या गोळ्या चालू करण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने हा धोका उलट वाढतो.

दुसऱ्या आठवड्यापासून जंतांचे औषध सुरू होते आणि ते दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते. त्याची मात्रा वजनावरच ठरते, म्हणून तिथेही वही लागते. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

घ्यायला येणारे बरेच जण महिन्याचेच पिल्लू मागतात, लवकर माणसाळते म्हणून. मी देत नाही. कुत्र्यांच्या प्रजननासंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, आणि किती जोराने चावायचे नाही हे पिल्लू भावंडांत खेळतानाच शिकते. त्याच नियमांत मादीचे वय किमान १८ महिने, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचच वेते अशी मर्यादा आहे. ती पाळली जाते की नाही हे दाखवायलाही तारखा लिहिलेल्याच हव्यात. पिल्लासोबत त्याच्या पानाची प्रत देते आणि सहा महिन्यांनी, वर्षाने वजन, चाल आणि स्वभाव कळवा असे सांगते. आलेली माहिती आईच्या पानावर चढते, आणि तिची पुढची जोडी लावायची की नाही हे त्या पानावरून ठरते.