कंपनीने दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर आणि आपली ५० हर्ट्झची लाइन

बेळगावात शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. कुमार गंधर्वांचा जन्म शेजारच्या सुळेभावीचा, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचे धारवाडही दीड-दोन तासांवर. मात्र ते गाणे घरी नीट ऐकण्यासाठी लागणारी यंत्रे गावात सहजी मिळत नाहीत. खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या दुकानांत मला तरी साउंडबार आणि रंगीत दिवे लुकलुकवणारे पार्टी स्पीकरच दिसतात. दोन चॅनेलचा (डावा-उजवा असे दोनच स्पीकर वाजवणारा) साधा, दणकट ॲम्प्लिफायर हवा असेल तर मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूकडे बघावे लागते, आणि त्याची नवी किंमत ऐकली की पेन्शनवर जगणारा माणूस विषय बदलतो. म्हणूनच आमच्या ऐकणाऱ्यांच्या गोटात हल्ली ‘फॅक्टरी रिफर्बिश्ड’ मालाची, म्हणजे परत आलेला माल कंपनीनेच दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला असतो त्याची, चौकशी वाढली आहे. माझे मत असे की तो जरूर घ्यावा. पण तो कोणी दुरुस्त केला आणि कोणत्या देशाच्या विजेसाठी बनवला, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कंपनीकडे परत आलेला माल नेहमी बिघडलेलाच असतो असे नाही. कुणी मुदतीच्या आत नापसंत म्हणून परत केलेला असतो, कुणाच्या खोक्याला वाहतुकीत धक्का लागलेला असतो, काही नग दुकानात मांडणीला ठेवलेले असतात, आणि काहींत खरोखरच एखादा बोर्ड गेलेला असतो. कंपनी तो उघडते, सदोष भाग मूळ सुट्या भागांनी बदलते, नव्या मालाच्याच चाचण्या पुन्हा घेते आणि बहुधा साध्या तपकिरी खोक्यात, नव्यापेक्षा कमी मुदतीच्या वॉरंटीसह विकते. याउलट एखाद्या व्यापाऱ्याने जुना नग पुसून, घुंड्यांत स्प्रे मारून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकायला ठेवला, तर तो सेकंड हँड मालच होय. वॉरंटीच्या कागदावर उत्पादक कंपनीचे नाव आहे की विक्रेत्याचे, एवढे पाहिले तरी निम्मा उलगडा होतो.

दुसरा प्रश्न विजेचा. स्वस्त वाटणारा बराचसा माल परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून आणि जपानमधून, भाच्या-पुतण्यांच्या सामानातून येतो. अमेरिकेची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० आवर्तने), जपानची १०० व्होल्ट, आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. शहापुरात एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत. माझ्या एका स्नेह्याने असा ॲम्प्लिफायर त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी समोरच्या चकचकीत घुंड्यांकडे बघितलेसुद्धा नाही; यंत्र फिरवले आणि पाठीमागच्या पट्टीवर बोट ठेवले. “सर, खोकं बघू नकासा, ही पट्टी बघा की. एकशेवीस लिवलंय. आपल्या लायनीला लावलासा की फ्यूज जाणार, आणि फ्यूज वाचला तर आतला ट्रान्सफॉर्मर.” काही यंत्रांना व्होल्टेज बदलण्याचा खटका असतो, पण सगळ्यांना नाही.

त्यावर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बसवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. पट्टीवर ‘५०/६०’ असे असेल तर चिंता नाही. केवळ ‘६०’ असेल तर आतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जास्त चुंबकित होतो, आणि तो तापतो, घुमतो. रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत तर गंमतच होते. लाइनच्या वारंवारतेवर वेग ठरणारी जुन्या पद्धतीची सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झसाठीची असेल, तर मिनिटाला ३३⅓ फेरे घेण्याऐवजी तबकडी सुमारे २७.८ फेरे घेते. हे प्रमाण नेमके सहास पाच, म्हणजे शुद्ध कोमल गांधाराचे अंतर. काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणारा गवई खाली उतरून मंद्रातल्या काळी पाचमध्ये गाऊ लागतो, आणि द्रुत बंदिशीलाही विलंबिताची कळा येते! तिथे पट्ट्याची कप्पीच बदलावी लागते. डी.सी. मोटरच्या किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या प्लेअरला ही बाधा नसते.

रेडिओचा शौक असणाऱ्यांनी ट्यूनरकडेही (रेडिओ केंद्र पकडणाऱ्या भागाकडे) लक्ष द्यावे. अमेरिकेत मध्यम लहरींवरील केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. त्यामुळे अमेरिकन डिजिटल ट्यूनर ७६० वर थांबतो किंवा ७७० वर. धारवाड आकाशवाणीचे ७६५ त्याच्या पायऱ्यांवर येतच नाही, आणि सांगलीचे १२५१ थोडक्यात हुकते. काही यंत्रांत ९ आणि १० मध्ये बदल करण्याची सोय असते, ती माहितीपुस्तिकेत आधी शोधावी.

यंत्र घरी आल्यावर ते लगेच मोठ्याने वाजवण्याचा मोह आवरावा. आधी एखादे जुने, हलके स्पीकर जोडावेत. चालू केल्यावर काही क्षणांनी आत ‘टक्’ असा आवाज येतो, तो स्पीकरच्या संरक्षक रिलेचा, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणाऱ्या खटक्याचा. हा रिले ज्या यंत्रात आहे तिथे तो आवाज आलाच नाही, तर यंत्र स्वतःच काही दोष ओळखून थांबले आहे असे समजावे. इथवर सगळे ठीक असेल तर मग काहीही न वाजवता, स्पीकर काढून, मल्टिमीटर डी.सी. मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही बाजूंच्या स्पीकर टर्मिनलवर लावावा. तिथे डी.सी. वीज असूच नये, म्हणून आकडा शून्याच्या जितका जवळ तितके बरे; ५० मिलिव्होल्टच्या वर गेला तर मी तरी तो नग परत पाठवीन. आवाजाची घुंडी हळूहळू फिरवून खरखर येते का, आणि अगदी कमी आवाजात डावा-उजवा समान राहतो का, तेही पाहावे.

त्यानंतर तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे. ही चाचणी मला कोणत्याही परदेशी चाचणी-तबकडीपेक्षा भरवशाची वाटते. फिल्टरचे (आतली वीज सपाट करणारे) कपॅसिटर थकले असतील तर ५० हर्ट्झच्या लाइनवर जी घरघर येते ती १०० हर्ट्झची असते. काळी एकच्या तानपुऱ्यातली पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झची. म्हणजे ही घरघर पंचमाच्या किंचित खाली, उतरलेल्या तारेसारखी, अखंड वाजत राहते. ज्याचा कान तानपुऱ्यावर बसलेला आहे त्याला ती दोन मिनिटांत टोचू लागते, आणि मग कितीही सवलत मिळाली असली तरी तिचा आनंद टिकत नाही.

सगळाच माल एका मापाने मोजू नये. दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर रिफर्बिश्ड घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यात बिघडण्यासारखे थोडे आणि दुरुस्त होण्यासारखे पुष्कळ असते. एव्ही रिसीव्हरबद्दल (टीव्हीला जोडायच्या, अनेक स्पीकरांच्या ॲम्प्लिफायरबद्दल) मी साशंक आहे. त्यातला एचडीएमआयचा (टीव्हीच्या जोडणीचा) बोर्ड गेला तर स्थानिक मेकॅनिक हात टेकतो. स्पीकर घेताना वूफरच्या कडेचे साहित्य विचारावे: फोमची कडा वर्षानुवर्षांत भुसभुशीत होऊन गळते आणि खानापूरच्या बाजूच्या पावसाळी हवेत तर लवकरच, रबराची कडा पुष्कळ टिकते. जोडीतले दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे आणि शक्य तर लागोपाठच्या अनुक्रमांकांचे असावेत.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. आपल्याकडून कोल्हापूरही शंभर किलोमीटरच्या आसपास आणि हुबळीही तेवढेच. त्यामुळे कंपनीचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि येण्याजाण्याचा पार्सलखर्च कोण देणार, हे खरेदीपूर्वीच ठरवून घ्यावे. बिलावर ‘रिफर्बिश्ड’ असा स्पष्ट उल्लेख, अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत असावी, आणि तोच अनुक्रमांक यंत्राच्या पाठीवर आहे का ते पार्सल आणणाऱ्यासमोरच पाहावे. विक्रेता महाराष्ट्रातला आणि आपण कर्नाटकातले, म्हणून दाद कुठे मागायची असा संभ्रम सीमाभागात नेहमी ऐकू येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे मुंबईच्या विक्रेत्याविरुद्धची तक्रार बेळगावात दाखल करता येते. मूळ खोके आणि आतला थर्माकोल मात्र वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावा, कारण दहा-बारा किलोचा ॲम्प्लिफायर पोत्यात गुंडाळून लक्झरीच्या डिकीतून पाठवला, तर वाटेत झालेल्या मोडतोडीची जबाबदारी कुणीच घेत नाही.