प्रश्नोत्तराचा तास आणि आमची पेज

गोवा विधानसभेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं की आमच्या डिचोलीच्या घरात सकाळची पेज मोबाईलसमोरच होते, पर्वरीच्या विधानसभेतून लाईव्ह लागलेलं असतं आणि बाबा आमदारांच्या आधीच प्रश्न विचारत असतात. गंमत म्हणजे खरी मजा छापील प्रश्नात नसतेच. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि मग येतात पुरवणी प्रश्न, तिथे मंत्र्याची तयारी उघडी पडते, कारण मागच्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी येईपर्यंत काहीतरी बोलत राहावं लागतं ना! अतारांकितला फक्त लेखी उत्तर, पण मला विचाराल तर आकडेवारी, परिशिष्टं, सगळा खजिना तिथेच. फक्त "माहिती गोळा केली जात आहे" हे वाक्य आलं की समजायचं, संपलं.

त्यात एक प्रश्न कोकणीत, उत्तर इंग्रजीत, मधेच मराठी टोमणा, ४० जणांचं सभागृह त्यामुळे सगळे एकमेकांना पुरते ओळखून.

काल पाण्याचा विषय निघाला. आई आतून ओरडली, "अहो, त्यांना म्हणावं आमचा नळ बघा आधी!" बाबांनी आवाज वाढवला. मोबाईलचा.